नव्या नियमांत तांडेल बसत नाही

आमच्या घरात दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलं जाणारं अक्षर म्हणजे ‘शी’. आई ते वेगवेगळ्या सुरांत म्हणायची. दुधावर साय नीट आली नाही तर आखूड ‘शी’, जिन्यात कुणी पान थुंकलेलं दिसलं तर लांब ‘शीऽ’, आणि संध्याकाळी वारा फिरून खाडीकडचा चिखलाचा वास खिडकीतून आत आला की एक खास, नाकातून निघणारी ‘शी’. तिच्यापाठोपाठ खिडक्यांच्या कड्या लावल्याचे आवाज यायचे. नेरुळला आम्ही नवीन राहायला आलो होतो. आमची सोसायटी नवी, रस्ते नवे, झाडं माझ्या कमरेएवढी. पलीकडच्या प्लॉटवर दिवसभर पाया ठोकणारं मशीन धप्प धप्प करत असायचं आणि त्या तालावर आईची फोडणी, कुकरच्या शिट्ट्या, पाण्याच्या मोटरची घरघर असं सगळं चालायचं. बाबा पेपराआड. आईचं स्वयंपाकघर मात्र आरशासारखं लखलखीत. रविवारी थालीपीठ, लोणी, कधी साबुदाणा वडे. कांदा-लसूण चालायचा, पण अंड्याचं नाव काढलं तर ती टेबल पुसायला घ्यायची. मी या स्वच्छतेत वाढले आणि ती मला सद्गुण वाटायची. आता मी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्या स्वच्छतेची आठवण झाली की मलाच तिची किळस येते.

अमेरिकेतल्या मामाने माझा मोठा भाऊ गिरीश याला एक खेळ पाठवला होता. निळं खोकं, आत एक जाड आणि एक बारीक पुस्तक, आणि चित्रविचित्र फासे, कुणाला आठ बाजू, कुणाला वीस. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. आम्हाला पहिला महिनाभर हा खेळ म्हणजे नक्की काय तेच कळत नव्हतं. मग हळूहळू उलगडलं. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, त्याचं नाव, त्याचा स्वभाव, त्याचं बळ एका कागदावर लिहायचं. एकजण सूत्रधार. तो सांगणार, तुमच्यासमोर पडका किल्ला आहे, दारात दोन राक्षस झोपलेत, काय करता? आपण सांगायचं काय करतो. जमलं की नाही ते फासा ठरवणार, आणि कुठल्या कामाला किती आकडा लागतो ते पुस्तक. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जात राहते, या रविवारची पुढच्या रविवारी. गिरीश सूत्रधार. खेळणारे तिघं: मी, आमच्याच बिल्डिंगमधला प्रशांत, आणि गिरीशच्या वर्गातला महेश.

महेश करावे गावचा. गाव आमच्यापासून सायकलवर दहा मिनिटं. वडील खाडीत होडी घेऊन जात, जमीन केव्हाच शहराच्या कामात गेलेली. तो गणितात हुशार, इंग्रजीत अडखळणारा. त्याच्यासाठी म्हणून मी दोनशे पानी वहीत ते पुस्तक मराठीत उतरवायला घेतलं. खरं सांगायचं तर मला ते काम फार आवडायचं. दुपारी सगळे झोपले की मी डिक्शनरी घेऊन बसायची आणि एकेका नियमाला मराठीत आणायची. पुस्तकात माणसांचे प्रकार दिलेले होते, योद्धा, जादूगार, पुजारी. त्यातला एक होता रानावनातून इतरांना नेणारा. मी त्याला ‘वाटाड्या’ असा शब्द काढला. महेशने तो घेतला. प्रशांतने आपल्या जादूगाराला एक लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं, माझ्या पुजारणीचं नावही असंच परदेशी, मला आज आठवतसुद्धा नाही. महेशने कागदावर लिहिलं, ‘हिराजी तांडेल’. होडीवर ज्याचा शब्द शेवटचा, तो तांडेल.

प्रशांत हसला. “अरे जंगल आहे, किल्ले आहेत, तांडेल काय करणार तिथे?”

“पानी काय फकस्त आमचेच गावान हाय?” महेश म्हणाला.

आणि खरंच, तीन वर्षं आम्हाला त्या तांडेलानेच तारलं. एकदा गिरीशने आम्हाला एका नदीच्या मुखापाशी पुरतं कोंडलं होतं. मागे शत्रूचं सैन्य, पुढे पाणी. प्रशांतच्या जादूगाराकडचे मंत्र संपलेले. महेशने विचारलं, “पानी भरतीचा हाय का ओटीचा?” गिरीशने पुस्तक उघडलं. त्याने तसा विचारच केला नव्हता. पुस्तकातही काही नव्हतं. शेवटी त्याने फासा टाकून ठरवलं, ओहोटी. मग महेशने आम्हाला चिखलातून कसं जायचं ते सांगितलं, कुठे पाय रुतेल, कुठे शिंपल्यांचा थर असतो म्हणून पाय घट्ट राहील, आणि सैन्याला भरतीपर्यंत कसं थोपवायचं. दोन तास. आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत होतो. गिरीशचे डोळे चमकत होते. तो मला रात्री जेवताना म्हणाला, “मेधे, हा पोरगा म्हणजे कमाल आहे.” हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. गिरीशला महेश आवडत होता. पुढे जे झालं त्याची किळस यामुळेच जास्त येते.

महेश आला की आई त्याला पाणी द्यायची, पण आमच्या ग्लासांतलं नाही. एक काठाला पोचा पडलेला स्टीलचा ग्लास होता, तो एरवी बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालायला असायचा. तो महेशसाठी. पोहे त्यालाही मिळत, आमच्याइतकेच, वर खोबरं-कोथिंबीरसुद्धा, पण कागदी डिशमध्ये. तो गेला की आई फरशी फिनेलने पुसायची, सोफ्याचं कव्हर उचलून झटकायची आणि उदबत्ती लावायची. “वास बसतो गं,” ती म्हणायची, “त्याचा काही दोष नाही, बिचारा.” मी ते सगळं रोजच्या आरतीसारखं पाहत होते. प्रश्न पडलाच नाही. महेश आमच्याकडे यायच्या आधी अंगाला साबण लावून, केसांना तेल चोपडून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. त्याच्या अंगाला कसलाही वास नव्हता, हे मला आज शपथेवर सांगता येईल. तेव्हा विचारलं असतं तर मी म्हणाले असते, हो, थोडा येतो.

मामाने दुसरं खोकं पाठवलं तेव्हा गिरीश बारावीत होता. तोच खेळ, नवी आवृत्ती. शाळेची पुस्तकं बदलतात हे आम्हाला माहीत होतं, पण खेळाचे नियमही असे कोणी बसून बदलतं याचा आम्हाला अचंबा वाटला. पुस्तक आता तिप्पट जाड, गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. पूर्वी काही कामांना लहान आकडा पडणं चांगलं होतं आणि काहींना मोठा, त्यात आमचा नेहमी गोंधळ व्हायचा. आता सगळीकडे मोठा आकडा चांगला. माणसांचे प्रकार बदललेले, काही वाढलेले, काही गाळलेले. गिरीश चार दिवस त्या पुस्तकातून वर आला नाही. मला त्या नव्या पुस्तकाचा वास आवडला होता आणि तरीही आपण दुपारदुपार जागून लिहिलेली वही आता निकामी झाली याचा रागही आला होता. नंतरच्या काळात मी वाचलं की जगभर या खेळाच्या लोकांत याच गोष्टीवरून भांडणं झाली आहेत. दर काही वर्षांनी नियम नवे येतात. काही जण जुन्यालाच धरून बसतात, काही जण जुनं फेकून देतात, आणि काही प्रकाशक निर्लज्जपणे तेच ते पुन्हा विकतात. नियम बदलायला माझी हरकत नाही. चुका असतात, त्या सुधाराव्याच लागतात. पण त्या बदलाच्या गडबडीत कोण कोणाला दाराबाहेर काढतो ते पाहायला हवं.

त्या रविवारी महेश आला, पोचा पडलेल्या ग्लासातलं पाणी प्याला, आपला कागद उघडून बसला. तीन वर्षांत त्या कागदाच्या घड्या फाटल्या होत्या, त्याला मागून चिकटपट्टी लावलेली होती. गिरीशने नवं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, “आजपासून नवीन नियम. जुनी पात्रं बाद.”

“सगल्यांची?” महेशने विचारलं.

“म्हणजे... प्रशांतचा जादूगार नवीन पुस्तकात आहे, तो बसतो. मेधाची पुजारीण पण बसते. वाटाड्या हा प्रकारच त्यांनी काढून टाकलाय. त्यामुळे तांडेल बसत नाही.”

“म्हंजे मेला?”

“मेला नाही रे.” गिरीश फासे हातात खुळखुळवत होता. “नव्हताच असं समज.”

महेशने कागदामागची चिकटपट्टी अंगठ्याने दाबली. प्रशांत म्हणाला, “टेन्शन कशाला घेतोस यार, नवीन बनव ना.” गिरीश लगेच म्हणाला की नवीन माणूस बनवायला सगळं पुस्तक वाचावं लागेल, ते इंग्रजीत आहे, मेधाला दहावीचा अभ्यास आहे, तर बारावी झाल्यावर बघू. एवढं सगळं त्याने एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं. महेश उठला. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. “बरं,” म्हणाला. दार लागल्यावर आईने बादली आणली. मला आठवतं, ती गुणगुणत होती.

पुढे काही दिवसांनी मी फळीवरून पोह्यांचा डबा काढत होते. तेलाच्या कॅनखाली आई रद्दीतला जाड कागद घालायची. त्या दिवशी तिथे एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका होती, पंधरा-सोळा पानांची, तेलाच्या गोल डागाने अर्धपारदर्शक झालेली. वर त्या खेळाचं चित्र. मी ती काढून वाचायला लागले. ती नव्या खोक्यातच आलेली होती आणि ती सगळीच्या सगळी एकाच गोष्टीबद्दल होती: जुन्या नियमांतली माणसं नव्या नियमांत कशी न्यायची. एकेका जुन्या प्रकारासमोर नवा प्रकार, जुन्या आकड्यासमोर नवा आकडा. वाटाड्यासाठी अख्खं पान. आणि पहिल्याच पानावर सूत्रधाराला सूचना होती की ज्याने बरीच वर्षं एखादं पात्र सांभाळलं आहे त्याला ते टाकायला लावू नका, नव्यात बसवताना अडलं तर त्याच्याशी बोला, आणि नाहीच बसलं तर त्याच्यापुरते जुने नियम चालू ठेवा. परक्या देशातल्या कुणा अनोळखी माणसाने महेशचा इतका विचार केला होता. आणि आमच्या घरात तो विचार तेलाच्या कॅनखाली होता.

गिरीश गॅलरीत अभ्यास करत होता. मी पुस्तिका त्याच्यासमोर धरली. तो आधी म्हणाला, “ते ऑप्शनल असतं.” मग म्हणाला, “त्याला कळलं नसतं.” मी तिथेच उभी राहिले तेव्हा त्याने आवाज खाली आणला.

“आईने सांगितलं. तो नको म्हणाली घरी. किती महिने मागे लागली होती माझ्या. सोफ्याला वास लागतो, शेजारचे विचारतात.”

“मग तसं सांगायचं त्याला.”

“कसं सांगणार? वाईट नाही वाटणार? नियमाचं कारण बरं पडलं. कोणाला काही लागलं नाही.”

आईने आतून ऐकलं असावं. ती हात पुसत आली आणि अगदी मायेने म्हणाली, “मेधा, आपण कुणाला तोडून बोललो का? नाही ना? मग झालं तर.” मला तेव्हा जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. भाजीत अळी निघाल्यावर, अर्धी भाजी खाऊन झालेली असते तेव्हा जसं होतं, तसं झालं.

मी दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर सायकल काढून करावेला गेले. पुस्तिका दप्तरात. महेशचं घर विचारत विचारत सापडलं. ओटीवर तो जाळं दुरुस्त करत होता, त्याची आई चुलीपाशी. मला बघून त्या माउलीला कोण आनंद झाला. “ये गो पोरी, बस. जेवून जा.” मी नको नको म्हणत असतानाच समोर ताट आलं. तांदळाची भाकरी, वाफाळलेला भात आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा, बाहेर आलेल्या डोळ्यांचा. ताटातून ते डोळे माझ्याकडे बघत होते. मी एक घास भात, त्याला नुसता रस्सा लावून, तोंडात घातला आणि मला उमासा आला. मी तोंडावर हात ठेवून ओटीवरून खाली धावले. काही बाहेर पडलं नाही, पण तो आवाज सगळ्यांनी ऐकला. परत आले तेव्हा त्याच्या आईने ताट उचललेलं होतं आणि एका ताटलीत गूळ-खोबरं ठेवलं होतं. ते गूळ-खोबरं मला आजही गिळता येत नाही. आमच्या आईची ‘शी’ मी माझ्याच घशात घेऊन तिथवर गेले होते.

महेशने पुस्तिका हातात घेतली. बोट ठेवून, ओठ हलवत, तो हळूहळू वाचत गेला. मी मध्ये अर्थ सांगायला गेले तर म्हणाला, “थांब, कलतंय मना.” वाटाड्याचं पान त्याने दोनदा वाचलं. मग खिशातून, हो, खिशातच होता, तो फाटका कागद काढून पेन्सिलने एकेक आकडा नव्याने लिहिला. अर्ध्या तासात हिराजी तांडेल नव्या नियमांत येऊन उभा राहिला.

“यो गिरीशनं दाबून ठेवलाता?” त्याने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

“तुजे आयचा तो वेगला ग्लास मना पैल्या दिवसापासून ठावं हाय,” तो म्हणाला. “मी बोललो, ग्लासाशी काय करायचाय. मी खेलाला येतो.” तो पुन्हा जाळ्याला लागला. मग त्याने विचारलं, “पुस्तक ठेवू?” मी हो म्हटलं आणि निघाले.

रविवारी आम्ही तिघं खेळायला बसलो होतो. नव्या नियमांनी पहिला खेळ, मागच्या वेळी तो झालाच नव्हता. आई स्वयंपाकघरात कांदाभजी तळत होती. बेल वाजली, आईने दार उघडलं, आणि तिच्या खांद्यावरून मला महेश दिसला. इस्त्रीचा शर्ट नव्हता. साधा बनियन, खाली हाफ पॅन्ट, पायाला पोटरीपर्यंत सुकलेला चिखल. तो सरळ खाडीवरून आला होता आणि मला वाटतं मुद्दाम तसाच आला होता. आई एक पाऊल मागे सरली. तिने ‘शी’ म्हटलं नाही, पण पदर नाकाला गेला.

“काकू, आत नाय येत,” तो म्हणाला. “गिरीशशी बोलायचाय.”

गिरीश उठून दारापाशी गेला. महेश शांतपणे बोलला, आवाज कुठेही चढला नाही.

“वास येतो म्हनून सांगाचा व्हता. मी आलो नसतो. त्यान काय नाय. पन माजा मानूस नव्हताच, असा कसा बोललास तू? तीन वर्षं व्हता. जुनी मानसं नव्यान नेता येतान, मना कललंय.”

मला वाटलं आता गिरीश काहीतरी म्हणेल. माफ कर म्हणेल, आत ये म्हणेल. तो वळला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “कोणी सांगितलं याला? मेधा, तू गेली होतीस करावेला?”

आई पण बघत होती. प्रशांत पण. मी महेशच्या घरी गेले, चुलीपाशी बसले, तिथलं ताट समोर घेतलं, हे सगळं त्या एका ‘हो’मध्ये होतं. मी म्हणाले, “नाही.”

महेशने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

“ती कशाला येल?” तो गिरीशला म्हणाला. “इंग्रजीन छापलेला हाय. वाचता येतं मना.” आणि जिना उतरून गेला. त्याच्या पायांच्या चिखलाच्या खपल्या उंबऱ्याबाहेर पडल्या होत्या. आई फडकं आणायला आत वळली. महेश त्यानंतर आमच्या घरी आला नाही. कॉलेजात गिरीशशी तो बोलायचा, कामापुरतं, नेहमीसारखं. माझ्याशी कधीच बोलला नाही, आणि माझी हिंमत झाली नाही.

गिरीश टेबलाशी येऊन बसला. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, “हां, तर तुम्ही पुलापाशी आला आहात.” प्रशांतने काय करतो ते सांगितलं. माझी पाळी आली, मी फासा टाकला. मोठा आकडा पडला, जो आता चांगला होता, आणि प्रशांतने माझ्या पाठीवर थाप मारली. आई भज्यांची थाळी घेऊन आली, बरोबर चिंचेची चटणी. भजी गरम आणि कुरकुरीत होती. मी सात-आठ खाल्ली.